दुखणे आणि गोळ्या एकाच केसपेपरवर : एका व्यसनोपचार ओपीडीचे परीक्षण

पश्चिम महाराष्ट्रातील एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग जी व्यसनोपचार ओपीडी चालवतो, तिच्याविषयी हे परीक्षण आहे. रुग्णालयाचे नाव मी देत नाही, कारण माझे थोरले बंधू तिथे आजही उपचार घेत आहेत आणि आमच्या भागातील माणसे रुग्णालयाच्या नावावरून त्यांची ओळख सहज लावतील. ज्यांच्या घरात कंबरेच्या, गुडघ्याच्या किंवा मणक्याच्या दुखण्यासाठी सुरू झालेल्या गोळ्या आता सुटेनाशा झाल्या आहेत, त्यांना कोणत्या प्रकारची सेवा शोधायची आणि तिथे गेल्यावर काय तपासून पाहायचे, हे नावाशिवायही समजेल अशा बेताने लिहीत आहे.

दादा एस. टी.मध्ये चालक होते. घाटरस्त्यांवरच्या अनेक वर्षांच्या ड्यूटीनंतर त्यांच्या मणक्याची गादी सरकली, डाव्या पायात मुंग्या येऊ लागल्या आणि शेवटी शस्त्रक्रिया करावी लागली. शस्त्रक्रियेनंतर ट्रामाडॉलच्या गोळ्या लिहून दिल्या गेल्या, आणि त्या वेळी त्या देणे योग्यच होते. पुढे मात्र चिठ्ठीची मुदत संपली तरी दुखणे संपले नाही. ओळखीच्या मेडिकलमधून गोळ्यांचे पत्ते मिळत राहिले, आणि जी गोळी रात्री एक घेतली की झोप लागत असे ती सकाळी उठण्यासाठी, मग जेवणानंतर, मग गाडीवर बसण्याआधी लागू लागली. घरात कोणालाही हे व्यसन वाटले नाही. दादांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता आणि गोळी तर डॉक्टरांनीच दिलेली होती.

ट्रामाडॉलला साधी वेदनाशामक गोळी समजण्याची चूक आपल्याकडे सर्रास होते, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. जर्मनीत 1977 साली बाजारात आलेले हे औषध अफूवर्गीय आहे. यकृतात त्याचे जे रूपांतर होते, ते मेंदूतील त्याच ग्राहींना (औषध जिथे चिकटून काम करते त्या जागांना) जाऊन चिकटते ज्यांना मॉर्फिन चिकटते. त्याच्या जोडीला सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनालिन या रसायनांवरही त्याचा परिणाम होतो, त्यामुळे ते अचानक बंद केल्यावर अंगदुखी, जुलाब, नाकाडोळ्यांतून पाणी या नेहमीच्या त्रासाबरोबर काहींना तीव्र घबराट, भास आणि विचित्र संवेदनाही होतात. दिवसाची कमाल मात्रा साधारणपणे 400 मिलिग्रॅम धरली जाते, आणि मात्रा वाढली की झटके येण्याचा धोका वाढतो. दादांना एका रात्री असाच झटका आला आणि तेव्हा कुठे खरा हिशेब घरच्यांसमोर आला. आपल्या देशात हे औषध 2014 पासून एच-1 अनुसूचीत आहे, म्हणजे दुकानदाराने रुग्णाचे आणि डॉक्टरांचे नाव वेगळ्या नोंदवहीत लिहून ती नोंद तीन वर्षे जपायची असते. एप्रिल 2018 पासून ते अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेतही आले. कागदावरचा हा बंदोबस्त कडक आहे, पण आमच्या तालुक्याच्या बाजारपेठेत तो जाणवत नाही.

या ओपीडीत येण्यापूर्वी दादांना एका खाजगी निवासी केंद्रात ठेवले होते. तिथल्या मंडळींच्या हेतूबद्दल मला शंका नाही. दारू आणि ब्राउन शुगर सोडवण्याचा त्यांचा अनुभव मोठा होता. परंतु तिथे सगळ्या गोळ्या एकाच दिवशी बंद करण्यात आल्या, आणि कंबर दुखते असे दादांनी सांगितले की तो गोळी मिळवण्याचा बहाणा समजला जाई. सकाळी सर्वांबरोबर जमिनीवर मांडी घालून बसणे सक्तीचे होते, आणि मणक्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला ते किती वेळ जमेल याचा विचार कोणी केला नाही. ठरलेला कालावधी पूर्ण करून ते घरी आले तेव्हा त्यांच्या शरीरात ट्रामाडॉल नव्हते, पण दुखणे जसेच्या तसे होते आणि त्यावर एकही उपाय हाती दिलेला नव्हता. ते पुन्हा मेडिकलच्या पायऱ्या चढले, याचे मला आश्चर्य वाटत नाही.

शासकीय रुग्णालयातील ओपीडीचा वेगळेपणा पहिल्याच भेटीत दिसला. निवासी डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी दादांना ‘काका’ म्हणून समोर बसवले आणि कोणती गोळी, किती, कुठून, हे विचारण्याच्या आधी दुखण्याची चौकशी केली. दुखणे नेमके कुठून निघते, कुठपर्यंत जाते, भाजल्यासारखे होते की ओढल्यासारखे, बसल्यावर वाढते की चालल्यावर, रात्री किती वेळा जाग येते, आणि दुखण्यामुळे कोणती कामे सोडून द्यावी लागली, असे प्रश्न त्यांनी एकापाठोपाठ विचारले आणि उत्तरे केसपेपरवर लिहून घेतली. शून्य ते दहा या मोजपट्टीवर दुखणे किती, हेही लिहिले. गोळी घेतल्यावर दुखणे कमी होते की गोळी न मिळाल्याने होणारा त्रास कमी होतो, हा प्रश्न त्यांनी विचारला तेव्हा दादा बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “बाई, आता तेच कळंना झालंय.” माझ्या मते संपूर्ण उपचाराची दिशा त्या उत्तरातून ठरली.

हा प्रश्न व्यसनोपचाराच्या प्रत्येक ठिकाणी विचारला जायला हवा, असे मी केवळ एका घरच्या अनुभवावरून म्हणत नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील मेथाडोन (अफूवर्गीय व्यसनावर दिले जाणारे औषध) उपचार केंद्रे आणि अल्पमुदतीची निवासी केंद्रे यांतील रुग्णांचा एक अभ्यास 2003 साली प्रसिद्ध झाला. त्यात मेथाडोन घेणाऱ्यांपैकी 37 टक्के, तर निवासी केंद्रांतील 24 टक्के रुग्णांना तीव्र आणि दीर्घकालीन वेदना असल्याचे आढळले. व्यसनमुक्तीसाठी आलेल्या दर तीन-चार माणसांत एकाला असे दुखणे असेल, तर त्याला बहाणा ठरवून उपचार कसे पूर्ण होणार? आपल्याकडेही हा प्रश्न लहान नाही. केंद्र सरकारसाठी ‘एम्स’च्या व्यसनोपचार केंद्राने केलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात अफूवर्गीय पदार्थ वापरणाऱ्यांचे प्रमाण सुमारे 2.1 टक्के आहे, आणि त्यात हेरॉइन 1.14 टक्के, तर औषधी स्वरूपातील अफूवर्गीय पदार्थ 0.96 टक्के आहेत. म्हणजे दुकानातून मिळणारी औषधे हेरॉइनच्या जवळपास बरोबरीला येऊन पोहोचली आहेत. यांतील किती जणांची सुरुवात दुखण्यातून झाली हे त्या आकड्यावरून कळत नाही, पण ओपीडीच्या बाकावर शेजारी बसलेल्यांशी बोलताना गवंडी, हमाल, ट्रकचालक आणि ऊसतोड मजूर सारखे भेटत राहिले.

उपचाराचा गाभा ब्युप्रेनॉर्फिन आणि नॅलोक्सोन यांची जिभेखाली विरघळवायची गोळी हा आहे. ब्युप्रेनॉर्फिन हेही अफूवर्गीयच औषध आहे, पण ते ग्राहीला घट्ट चिकटते आणि अर्धवट चालना देते, त्यामुळे त्रास थांबतो आणि श्वास मंदावण्याचा परिणाम एका मर्यादेच्या पुढे सहसा वाढत नाही. गोळीची भुकटी करून टोचून घेण्याचा मोह होऊ नये म्हणून चारास एक या प्रमाणात नॅलोक्सोन हे अफूवर्गीय औषधाचा परिणाम रोखणारे औषध मिसळलेले असते आणि जिभेखाली ठेवले तर त्याचा परिणाम जवळपास होत नाही. ही गोळी आपल्याकडे साध्या मेडिकलमध्ये मिळत नाही, मान्यताप्राप्त व्यसनोपचार केंद्रांमार्फतच दिली जाते.

तिची सुरुवात करण्याची रीत इथे फार काळजीपूर्वक पाळली गेली. शरीरात ट्रामाडॉल असताना ब्युप्रेनॉर्फिन दिले तर ते आधीच्या औषधाला हुसकावून लावते आणि रुग्णाला एकाएकी प्रचंड त्रास सुरू होऊ शकतो. म्हणून दादांना आदल्या दिवशीची शेवटची गोळी कधी घ्यायची ते लिहून दिले होते आणि सकाळी बाकावर बसवून सिस्टरांनी नाडी, घाम, बाहुल्या, जांभया, अंगावरचा काटा, हातांची थरथर अशी अकरा लक्षणे गुण देत तपासली. गुण पुरेसे होईपर्यंत थांबवले, मग लहान मात्रा दिली, आणि पुन्हा तपासूनच पुढची दिली. बाहेर रांग मोठी असतानाही या कामात कोणी घाई केली नाही, हे मी आवर्जून नोंदवतो.

दुखण्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट त्यानंतर घडली. ब्युप्रेनॉर्फिन दिवसातून एकदा घेतले तरी न घेण्याचा त्रास चोवीस तास किंवा त्याहून अधिक काळ दूर राहतो, पण त्याचा वेदनाशामक परिणाम साधारण सहा ते आठ तासच टिकतो. दादांना दुपारपर्यंत बरे वाटे आणि संध्याकाळी कंबर पुन्हा भरून येई. दुसऱ्या एखाद्या ठिकाणी याचा अर्थ ‘मात्रा वाढवून मागतोय’ असा घेतला गेला असता. इथल्या वरिष्ठ डॉक्टरांनी एकूण मात्रा तेवढीच ठेवून ती सकाळ, दुपार आणि रात्र अशी तीन भागांत विभागली. त्यांनी आम्हाला हेही समजावून सांगितले की दीर्घकाळ अफूवर्गीय औषधे घेतल्याने काही माणसांची मज्जासंस्था वेदनेला अधिक हळवी होते, म्हणजे ज्या गोळीने दुखणे कमी व्हावे तीच दुखणे वाढवू शकते. पुढे हळूहळू दादांची रात्रीची झोप सुधारली. दुखणे शून्यावर आले नाही, आणि ते तसे येईल असे डॉक्टरांनी कधीच सांगितले नव्हते. देवळापर्यंत चालत जाता येणे, नातीला शाळेत सोडणे, अर्धा तास खुर्चीत बसून जेवणे, अशी उद्दिष्टे कागदावर लिहिली होती आणि प्रत्येक भेटीत त्यांचीच विचारपूस होई.

औषधांच्या निवडीतही मला जागरूकता दिसली. पायातल्या मुंग्यांसाठी बाहेरच्या डॉक्टरांनी पूर्वी प्रीगाबालिन दिले होते. ते अफूवर्गीय औषधाबरोबर घेतल्यास श्वास मंदावण्याचा धोका वाढतो, अशी सूचना अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर 2019 मध्ये दिली आहे, आणि त्याचीही सवय लागू शकते. ते हळूहळू कमी करून, ट्रामाडॉल पूर्णपणे सुटल्यावर, ड्युलोक्सेटिन हे मज्जातंतूंच्या वेदनेवरही चालणारे नैराश्याचे औषध सुरू केले गेले. झोपेच्या गोळ्या आणि दारू यांविषयीची ताकीद वहिनींना वेगळे बसवून दिली गेली, कारण ब्युप्रेनॉर्फिनबरोबर त्या दोन्ही गोष्टी जिवावर बेतू शकतात.

दीर्घकालीन दुखण्यावर उपचार करणारे पेन क्लिनिक मात्र भूलशास्त्र विभागाकडे आहे, आणि इथून पुढे सेवेचा घाट विस्कटतो. ते दुसऱ्या इमारतीत, दुसऱ्या वारी चालते आणि त्याचा केसपेपर वेगळा असतो. मानसोपचार विभागाने लिहिलेले तिथे वाचले जातेच असे नाही. तिथल्या एका डॉक्टरांनी दुखणे ऐकताच ट्रामाडॉलच लिहून दिले होते. वहिनींनी चिठ्ठी घेऊन परत ओपीडी गाठली म्हणून अनर्थ टळला. एका रुग्णाला दोन विभागांनी पाहायचे असेल तर दोघांच्या हातात एकच कागद असावा, ही अपेक्षा अवाजवी नाही. फिजिओथेरपिस्ट उत्तम होते. त्यांनी शिकवलेले पोटाच्या आणि पाठीच्या स्नायूंचे व्यायाम दादा अजूनही करतात. परंतु तीन ठिकाणच्या तीन रांगांसाठी तीन वेळा एस. टी.चा प्रवास करणे मणक्याच्या रुग्णाला झेपत नाही, आणि रोजंदारीवरच्या माणसाचे तर तेवढे खाडे परवडणारच नाहीत.

ओपीडीचा छापील नमुनाही बदलायला हवा. त्यात तंबाखू, दारू, गांजा आणि ब्राउन शुगर यांसाठी स्वतंत्र रकाने आहेत, पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सुरू झालेल्या गोळ्यांची नोंद ‘इतर’मध्ये करावी लागते. दुखण्यासाठी तर रकानाच नाही. ज्या तरुण डॉक्टरांनी एवढे बारकाईने विचारले त्यांनी ते समासात लिहिले. त्यांची बदली झाल्यावर नव्याने आलेल्या डॉक्टरांना समासातले अक्षर लागले नाही आणि बरेचसे पुन्हा सांगावे लागले. चांगली सेवा एका भल्या व्यक्तीच्या सवयीवर अवलंबून राहू नये, यासाठी छापील रकाना हा अगदी स्वस्त उपाय आहे.

‘ही गोळी किती दिवस घ्यायची?’ हा प्रश्न प्रत्येक घरातून विचारला जातो आणि इथे त्याचे उत्तर प्रामाणिकपणे मिळाले. लवकर थांबवण्याचे आश्वासन कोणी दिले नाही. अमेरिकेत 653 रुग्णांवर झालेल्या आणि 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, चिठ्ठीवर मिळणाऱ्या अफूवर्गीय वेदनाशामकांवर अवलंबून असलेल्यांना ब्युप्रेनॉर्फिन-नॅलोक्सोन दिले गेले. अल्पमुदतीच्या पहिल्या टप्प्यात जेमतेम 6.6 टक्के रुग्ण यशस्वी ठरले, म्हणजे त्या वेदनाशामकांपासून जवळपास दूर राहिले. दुसऱ्या टप्प्यात बारा आठवडे औषध चालू असताना हे प्रमाण 49.2 टक्क्यांवर गेले, आणि औषध कमी करत थांबवल्यानंतर आठ आठवड्यांनी ते 8.6 टक्क्यांवर उतरले. मला सर्वाधिक दिलासा त्याच अभ्यासातील दुसऱ्या निष्कर्षाने दिला. ज्यांना दीर्घकालीन वेदना होत्या आणि ज्यांना नव्हत्या, त्यांच्या यशात फरक आढळला नाही. म्हणजे दुखणे आहे म्हणून माणूस बरा होणार नाही, असे मानायला आधार नाही. आमच्या नात्यातील एक वडीलधारे गृहस्थ ‘एक सोडली आणि दुसरी धरली’ असे दादांना तोंडावर म्हणाले होते. वहिनी त्यांना म्हणाल्या, “भाऊजी, मधुमेहाची गोळी तुम्ही कधी सोडताय ते सांगा,” आणि तो विषय आमच्या घरात तिथेच संपला.

काही माहिती मात्र रुग्णांना वेळेवर मिळत नाही. ही गोळी जिभेखाली वारंवार विरघळवल्याने दातांचे नुकसान होऊ शकते, असा इशारा जानेवारी 2022 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दिला. गोळी पूर्ण विरघळल्यावर पाण्याने हळुवार चूळ भरून गिळावी आणि दात घासण्यासाठी किमान तासभर थांबावे, एवढी साधी खबरदारी पुरते, पण ती आम्हाला दाढ किडल्यावर दंतवैद्याकडून कळली. या गोळीने होऊ शकणाऱ्या बद्धकोष्ठतेचेही तसेच आहे. पुढे एखादी शस्त्रक्रिया करायची झाली तर ब्युप्रेनॉर्फिन चालू असल्याचे भूलतज्ज्ञांना आधी सांगितले पाहिजे आणि ते आपल्या मनाने बंद करू नये, हेसुद्धा रुग्णाच्या खिशातल्या कार्डावर मराठीत छापलेले असावे. समुपदेशन चांगले आहे, पण त्यातील सगळी उदाहरणे दारू पिणाऱ्या पुरुषांची असतात. गुडघेदुखीच्या गोळ्यांत अडकलेल्या एक वयस्कर मावशी त्या गटात दर वेळी कोपऱ्यात बसत आणि काही न बोलता उठून जात. त्यांच्यासाठी तिथे काहीच नव्हते.

हे वाचून कोणी कर्करोगाच्या रुग्णाचे मॉर्फिन थांबवू नये, अशी कळकळीची विनंती आहे. आपल्या देशात 1985च्या अमली पदार्थविषयक कायद्यातील जाचक परवान्यांमुळे अंथरुणाला खिळलेल्या असंख्य माणसांना मॉर्फिन मिळत नव्हते, आणि 2014च्या दुरुस्तीनंतर ते मिळवणे काहीसे सोपे झाले. ती सोय टिकली पाहिजे. दीर्घकालीन कंबरदुखी आणि गुडघ्याच्या झिजेचा प्रश्न वेगळा आहे. मिनियापोलिस येथील माजी सैनिकांच्या प्राथमिक उपचार केंद्रांतील 240 रुग्णांवरच्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या वर्षभराच्या चाचणीत, अशा दुखण्यांवर अफूवर्गीय औषधे इतर वेदनाशामकांपेक्षा सरस ठरली नाहीत.

माझे मूल्यमापन असे आहे : रुग्णाचे ऐकून घेणे, औषधाची सुरुवात आणि मात्रेची आखणी यांबाबतीत ही ओपीडी मी पाहिलेल्या कोणत्याही खाजगी ठिकाणापेक्षा वरचढ आहे, आणि खर्च केसपेपरचे नाममात्र शुल्क व प्रवास एवढाच येतो. विभागांमधील समन्वय, छापील माहिती आणि स्त्री रुग्णांची सोय यांत ती बरीच मागे आहे. आधी आठवड्यापुरत्याच आणि पुढे पंधरवड्याच्या गोळ्या घरी मिळतात, त्यामुळे लांबच्या रुग्णाने एखाद्या सोबत्याची व्यवस्था करून ठेवावी.

आपल्या जिल्ह्यात अशी सेवा शोधायची असेल तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात ब्युप्रेनॉर्फिन मिळते का आणि रुग्णालयात पेन क्लिनिक आहे का, हे दोन्ही आधी विचारून घ्यावे. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीसाठीची 14446 आणि मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस 14416 या दोन्ही दूरध्वनी सेवा विनामूल्य आहेत. पहिल्या भेटीला जाताना जुने एमआरआय, शस्त्रक्रियेचे कागद आणि सध्या घेत असलेल्या प्रत्येक गोळीचे रिकामे पत्ते सोबत न्यावेत, आणि रोजची खरी संख्या सांगावी, कारण पहिली मात्रा कधी आणि किती द्यायची हे त्या संख्येवर ठरते. ट्रामाडॉल घरच्या घरी एकदम बंद करून जाऊ नये.